बाबांच्या प्रोस्टेटची गोळी मी केसांसाठी घेऊ का?

डॉक्टर मॅडम, नमस्कार.

मी ३२ वर्षांचा आहे. नाशिकला सातपूरच्या एका कारखान्यात नोकरी करतो. आमच्या घराण्यात टक्कल आहे, बाबा, काका, आजोबा सगळ्यांनाच. माझेही केस मागे सरकायला लागले तेव्हा एका त्वचारोगतज्ज्ञांनी फिनास्टेराइडची एक मिलिग्रॅमची गोळी दिली. तिने खूप फरक पडला. पुढे खर्च वाचावा म्हणून मेडिकलवाल्याच्या सांगण्यावरून मी पाच मिलिग्रॅमची गोळी आणून सुरीने चार तुकडे करून घेऊ लागलो. एकूण साडेतीन वर्षं झाली. गेल्या दोन वर्षांत डॉक्टरांकडे गेलेलो नाही. सप्टेंबरमध्ये मला डेंग्यू झाला, पाच दिवस अ‍ॅडमिट होतो. दिवाळीपासून केस मूठमूठ गळतायत. टाळू दिसायला लागलीय. कामावरचा मित्र म्हणतो, फिनास्टेराइडची शरीराला सवय झाली की ती चालत नाही, आता डुटास्टेराइड घे. तीच गोळी बाबांना प्रोस्टेटसाठी चालू आहे, घरात स्ट्रिप असतेच. ती सुरू करू का? आधीची बंद करून किती दिवस थांबायचं, की दोन्ही एकदम घ्यायच्या? फेब्रुवारीत माझं लग्न आहे. मुलीकडच्यांना हे सांगावं लागेल का? या गोळ्यांनी पुढे मूल होत नाही असंही ऐकलंय. रात्र रात्र झोप येत नाही.

– एक वाचक, नाशिक

नमस्कार.

तुमचं पत्र नीट वाचलं. सगळ्यात आधी एक गोष्ट सांगते, बाकीचं सावकाश वाचलंत तरी चालेल. बाबांच्या स्ट्रिपमधली गोळी घेऊ नका. आपल्याकडे प्रोस्टेट वाढलेल्या पुरुषांना बहुतेक वेळा डुटास्टेराइड एकटं देत नाहीत, त्याच्या जोडीला टॅमसुलोसिन असतं, दोन्ही एकाच गोळीत. स्ट्रिप उलटी करून मागची बारीक अक्षरं वाचा. ‘डुटास्टेराइड ०.५ मिलिग्रॅम’च्या शेजारी ‘टॅमसुलोसिन ०.४ मिलिग्रॅम’ असं छापलेलं असण्याची शक्यता मोठी आहे. टॅमसुलोसिन मूत्राशयाच्या तोंडाशी असलेले स्नायू सैल करतं, म्हणून बाबांना लघवीला मोकळं वाटतं. तुमचं त्या स्नायूंशी काहीच दुखणं नाही. तुम्ही ते घेतलंत तर उभं राहताना रक्तदाब खाली येऊन चक्कर येऊ शकते, आणि वीर्य कमी पडणं किंवा उलट मूत्राशयाकडे जाणं हाही त्याचा ठाऊक असलेला परिणाम आहे. मूल होईल का या काळजीत असलेल्या माणसाने लग्नाच्या तोंडावर अशी गोळी अजाणता सुरू केली, तर तो किती घाबरेल याची मला कल्पना आहे.

स्ट्रिप हातात घेतलीच आहे तर बाबांच्या कामाची एक गोष्ट. डुटास्टेराइड किंवा फिनास्टेराइड सहा महिने चालू असलं की प्रोस्टेटच्या रक्ततपासणीतला पीएसएचा आकडा, ज्याच्या वाढीवरून प्रोस्टेटच्या कर्करोगाची शंका घेतात तो, साधारण निम्म्यावर येतो. तपासणी दुसऱ्याच डॉक्टरांनी सांगितली आणि त्यांना गोळीची माहिती नसली, तर खरं म्हणजे वाढलेला आकडा कागदावर नॉर्मल दिसतो. बाबांच्या फाइलवर पहिल्या पानावर गोळीचं नाव मोठ्या अक्षरात लिहून ठेवा.

आता तुमच्याकडे. माझं मत स्पष्ट आहे: आत्ता औषध बदलू नका. तुमचं फिनास्टेराइड निकामी झालंय असं तुमच्या पत्रावरून मला वाटत नाही. तुम्ही स्वतःच दोन ओळींत उत्तर लिहून गेला आहात, डेंग्यू सप्टेंबरमध्ये आणि केसगळती दिवाळीपासून.

आपल्या डोक्यावरच्या सुमारे एक लाख केसांपैकी बहुतेक केस कुठल्याही दिवशी वाढीच्या अवस्थेत असतात आणि थोडे विश्रांतीत. विश्रांती साधारण तीन महिन्यांची, मग तो केस गळतो आणि त्याच जागी नवा येतो. रोज पन्नास ते शंभर केस जाणं हा याच व्यवहाराचा भाग. मोठा ताप आला, डेंग्यू, टायफॉइड, कोविड झाला, मोठं ऑपरेशन झालं किंवा कुणी उपाशी राहून झपाट्याने वजन उतरवलं, की शरीर एकाच वेळी पुष्कळ केसांना विश्रांतीत ढकलतं. त्या वेळी डोक्यावर काहीच दिसत नाही. दिसतं ते दोन-तीन महिन्यांनी, जेव्हा ते सगळे केस एकदम गळायला लागतात. तोवर माणूस ताप विसरलेला असतो आणि शाम्पूला, पाण्याला नाही तर गोळीला दोष देतो. या गळतीला आम्ही टेलोजेन एफ्लुव्हियम म्हणतो. तीन ते सहा महिन्यांत ती सहसा आपोआप थांबते आणि केस परत येतात.

घराण्यातलं टक्कल अशा धडाक्याने येत नाही. तिथे केस मूठमूठ जात नाहीत, ते वर्षानुवर्षं बारीक होत जातात. आधी जाड केस, मग पातळ, मग लव, मग नुसती त्वचा. आणि ते ठरावीक जागीच होतं, कपाळाच्या दोन कोपऱ्यांत आणि टाळूवर. २०२५च्या जानेवारीत बुलढाणा जिल्ह्यातल्या शेगाव तालुक्याच्या गावांत थोड्याच दिवसांत माणसांचे केस गेल्याच्या बातम्या तुम्ही वाचल्या असतील. बायका आणि लहान मुलंसुद्धा त्यात होती. अशी अचानक गळती कुठेही, कुणालाही झाली तरी तिचं कारण घराण्यातल्या टकलात शोधायचं नसतं, आधी शरीराला अलीकडे काय झालं ते बघायचं असतं.

घरी एक करून बघा. उद्या डोकं धुताना गळलेले केस गोळा करा आणि पांढऱ्या कागदावर पसरून खिडकीच्या उजेडात बघा. सगळे साधारण सारख्या जाडीचे, काळेभोर केस असतील, मुळाशी पांढरा टिपका असेल आणि कानावरच्या व मानेकडच्या केसांतही तितकीच गळती असेल, तर बोट डेंग्यूकडे जातं. त्यांत पुष्कळसे केस तलम, आखूड, लवेसारखे असतील, तर घराण्यातल्या टकलाचाही हात आहे असं समजायचं. दोन्ही एकदम असणंही शक्य आहे, आणि तुमच्या बाबतीत तसं निघालं तर मला आश्चर्य वाटणार नाही. तापातल्या गळतीने वरचं दाट आवरण गेलं की खालची जुनी विरळ जागा उघडी पडते आणि एका महिन्यात टक्कल पडलं असं वाटतं.

याचा निकाल त्वचारोगतज्ज्ञ पाच-दहा मिनिटांत लावू शकतात. ते साठेक केसांची बट बोटांत धरून हळूच ओढतात. सहाहून जास्त केस हातात आले तर गळती चालू आहे. मग डर्मोस्कोप नावाचं भिंगाचं उपकरण टाळूवर टेकवून केसांची जाडी बघतात. एकाच जागी जाड आणि बारीक केसांची सरमिसळ दिसली तर ते घराण्यातलं टक्कल, सगळे केस जाड पण संख्या कमी, तर तापाचा परिणाम. या तपासणीला सुई लागत नाही की दुखत नाही. जोडीला हिमोग्लोबिन, फेरिटिन (म्हणजे शरीरातला लोहाचा साठा), थायरॉइड आणि ड जीवनसत्त्व या रक्ततपासण्या होतील. तुम्ही मेडिकलमधून बायोटिनच्या, म्हणजे केसांसाठी विकल्या जाणाऱ्या जीवनसत्त्वाच्या, गोळ्या आणल्या असतील तर तसं डॉक्टरांना आधी सांगा. जास्त मात्रेतल्या बायोटिनमुळे थायरॉइडसारख्या काही तपासण्यांचे आकडे चुकीचे येतात, म्हणून रक्त देण्याच्या काही दिवस आधी ते बंद ठेवायला सांगतात.

मित्राचं म्हणणं, की फिनास्टेराइडची सवय होते. हा समज मी फार ऐकते आणि तो बरोबर नाही. शरीरात टेस्टोस्टेरॉनपासून डीएचटी नावाचं अधिक तीव्र हार्मोन तयार होतं. ज्यांच्या केसांच्या मुळांना जन्मतःच डीएचटी सोसत नाही, त्यांचे केस त्याने बारीक होतात. हे रूपांतर करणारं जे एन्झाइम आहे त्याला फिनास्टेराइड अडवतं आणि रक्तातलं डीएचटी सुमारे ७० टक्क्यांनी खाली आणतं. पहिल्या दिवशी अडवतं तसंच तीन वर्षांनीही अडवतं. पण ७० टक्के म्हणजे सगळं नव्हे. उरलेलं डीएचटी आणि वाढतं वय आपलं काम करतच राहतात. म्हणून पहिल्या वर्ष-दोन वर्षांत केस भरतात, नंतर बरीच वर्षं टिकतात आणि पुढे काहींचे पुन्हा हळूहळू विरळ होतात. पण गोळी घेतलीच नसती तर त्यांची स्थिती आणखी वाईट असती. तिची खरी किंमत ती सोडल्यावर कळते, वर्षभराच्या आत मिळवलेलं सगळं परत जातं.

तुकड्यांबद्दलही सांगून टाकते. सुरीने केलेले चार तुकडे कधीच सारखे होत नाहीत, एखादा दीड मिलिग्रॅमचा, एखादा पाऊण. पण त्यामुळे औषध कमी पडलं असं नाही, कारण ०.२ मिलिग्रॅमनेही डीएचटी जवळजवळ तितकंच खाली येतं जितकं एक मिलिग्रॅमने येतं. मधूनच एखादा दिवस चुकला तरी बिघडत नाही. मला काळजी वाटते ती सुरीखाली उडणाऱ्या भुग्याची, आणि ती लग्नानंतरची. तिच्याकडे पुढे येते.

डुटास्टेराइड जोरदार आहे हे खरं. डीएचटी बनवणाऱ्या एन्झाइमचे दोन मुख्य प्रकार आहेत. फिनास्टेराइड त्यातल्या एकालाच, दुसऱ्या क्रमांकाच्या प्रकाराला अडवतं, डुटास्टेराइड दोघांना. त्यामुळे रक्तातलं डीएचटी ९० टक्क्यांहून जास्त खाली जातं. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ९१७ पुरुषांवरच्या चाचणीत चोवीस आठवड्यांनी डुटास्टेराइड घेणाऱ्यांचे केस फिनास्टेराइडवाल्यांपेक्षा जास्त भरलेले होते. नेमका तुमचा प्रश्न, म्हणजे फिनास्टेराइड कमी पडल्यावर डुटास्टेराइड, कोरियातल्या डॉक्टरांनी ३१ पुरुषांवर तपासला. सहा महिन्यांत त्यांच्यातल्या चोवीस जणांत सुधारणा दिसली. माणसं थोडी आणि काळ अपुरा आहे, तरी दिशा कळते. दक्षिण कोरियाने २००९ मध्ये आणि जपानने २०१५ मध्ये ते पुरुषांच्या टकलासाठी मंजूर केलं. अमेरिकेत ते आजही फक्त प्रोस्टेटचं औषध आहे, आणि आपल्याकडेही मूळ मंजुरी प्रोस्टेटसाठीच. केसांसाठी ते डॉक्टर स्वतःच्या जबाबदारीवर, रुग्णाला समजावून देतात. योग्य माणसाला मीही देते. म्हणजे माझा विरोध औषधाला नाही.

अडचण वेळेची आहे. तुमच्या वयात फिनास्टेराइडचं रक्तातलं प्रमाण पाच-सहा तासांत निम्मं होतं, आणि गोळी थांबवल्यावर साधारण दोन आठवड्यांत डीएचटी पूर्वीच्या पातळीवर येतं. डुटास्टेराइडचं प्रमाण निम्मं व्हायला पाच आठवडे लागतात. नियमित घेऊन मग बंद केलं तरी ते चार ते सहा महिने रक्तात सापडतं. जोर किती हे सगळेच विचारतात. मी रुग्णाला गोळी देताना आधी हे बघते की उद्या काही तक्रार आली तर मागे फिरायला किती दिवस लागतील. फिनास्टेराइडमधून दोन आठवड्यांत बाहेर पडता येतं. डुटास्टेराइड जानेवारीत सुरू केलंत, मार्चमध्ये नको वाटून सोडलंत, तरी पावसाळा उजाडला तरी ते अंगात असेल. ज्याचं लग्न दोन-अडीच महिन्यांवर आलंय आणि ज्याला मुलाची काळजी आहे, त्याने अशा गोळीकडे आत्ता वळू नये.

बदल कधी करायचा झाला तर कसा, हे विचारलंय म्हणून सांगते. मध्ये खंड ठेवायची गरज नसते. आज फिनास्टेराइडची शेवटची गोळी, उद्यापासून डुटास्टेराइड, इतकं साधं. खंड ठेवला तर तेवढे दिवस डीएचटी मोकळं होतं, त्यात फायदा काहीच नाही. दोन्ही एकदम घेण्यातही अर्थ नाही, कारण फिनास्टेराइड ज्याला अडवतं त्याला डुटास्टेराइड आधीच अडवून बसलेलं असतं. सुरू केल्यावर रक्तातली पूर्ण पातळी गाठायलाच त्याला तीन महिन्यांहून जास्त लागतात, त्यामुळे सहा महिन्यांच्या आत ‘चालतंय’ किंवा ‘चालत नाही’ म्हणणं घाईचं, वर्षभर थांबून ठरवलेलं बरं. उलट दिशेने, डुटास्टेराइडवरून फिनास्टेराइडवर यायचं झालं, तर पहिले काही महिने तुमच्या अंगात खरं काम जुनंच औषध करत असतं, म्हणून नव्याचा निकाल अर्ध्या वर्षाच्या आत लागत नाही. आणि फिनास्टेराइडने लैंगिक किंवा मनाची तक्रार झाली म्हणून कुणी डुटास्टेराइडकडे वळत असेल, तर तो बदल मी करू देत नाही. तीच वाट, फक्त जास्त लांब आणि परतायला कठीण.

मुलाचा प्रश्न. ‘मूल होत नाही’ हे जसं तुम्हाला सांगितलं गेलंय तसं खरं नाही. या गोळ्या घेणाऱ्या असंख्य पुरुषांना मुलं झाली आहेत. पण वीर्यावर परिणाम होतो हेही लपवायचं कारण नाही. डुटास्टेराइड वर्षभर घेतलेल्या निरोगी पुरुषांत शुक्रजंतूंची एकूण संख्या सरासरी २३ टक्क्यांनी, वीर्याचं प्रमाण २६ टक्क्यांनी आणि शुक्रजंतूंची हालचाल १८ टक्क्यांनी कमी झाली. सरासरी आकडे तरीही नॉर्मलच्या मर्यादेत राहिले, मात्र औषध थांबवून चोवीस आठवडे झाले तरी संख्या पूर्ववत झालेली नव्हती. त्यातल्या दोघांची संख्या तर ९० टक्क्यांहून जास्त घसरली होती. ज्याची मुळातच संख्या काठावर आहे त्याला ही घसरण महागात पडू शकते, आणि तुमची कुठे आहे हे आज कुणालाच माहीत नाही. फिनास्टेराइडच्या बाबतीतही काही पुरुषांत वीर्याची प्रत खालावल्याच्या आणि गोळी थांबवल्यावर ती सुधारल्याच्या नोंदी आहेत. म्हणून लग्नानंतर लवकर मूल हवं असेल तर वीर्यतपासणी एकदा करून घ्या. साधी, स्वस्त तपासणी आहे. ती चांगली आली की अर्धी काळजी जागीच मिटते. फिनास्टेराइड काही महिने थांबवायचं का, हे त्या रिपोर्टवर आणि तुम्हा दोघांच्या बेतावर डॉक्टर ठरवतील.

आता तो सुरीचा भुगा. पोटातल्या मुलग्याची बाह्य जननेंद्रियं घडण्यासाठी डीएचटी लागतंच. हे जगाला कळलं ते डॉमिनिकन रिपब्लिकमधल्या काही कुटुंबांमुळे. तिथली काही मुलं जन्मतः मुलींसारखी दिसायची, मुली म्हणूनच वाढायची आणि वयात येताना त्यांचं शरीर पुरुषाचं व्हायचं. ज्युलियन इम्पेराटो-मॅकगिन्ली या डॉक्टरांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७४ मध्ये दाखवून दिलं की या मुलांमध्ये डीएचटी बनवणारं एन्झाइमच कमी आहे. मोठेपणी त्यांची प्रोस्टेट लहान राहायची आणि केसांची रेषा मागे जात नसे. तुमची गोळी याच निरीक्षणातून पुढे आली. म्हणून गरोदर असलेल्या किंवा होऊ शकणाऱ्या स्त्रीने फिनास्टेराइडचे तुटलेले तुकडे, भुगा हाताळू नये, आणि डुटास्टेराइडची फुटलेली, गळणारी कॅप्सूल तर मुळीच नाही, ते त्वचेतून आत जातं. अख्ख्या गोळीवर लेप असतो, तिच्या स्पर्शाने काही होत नाही. तुम्ही जिथे पोळ्या लाटल्या जातात त्या ओट्यावर गोळी कापत असाल, तर ते आजपासून बंद करा आणि एक मिलिग्रॅमची अख्खी गोळी घ्या. याच कारणासाठी कारखान्यातल्या रक्तदान शिबिरात नाव देऊ नका. तुमचं रक्त एखाद्या गरोदर बाईला जाऊ शकतं. फिनास्टेराइड थांबवल्यावर एक महिना आणि डुटास्टेराइड थांबवल्यावर सहा महिने रक्तदान करायचं नसतं.

झोप येत नाही असं तुम्ही शेवटी, सहज लिहिलंत. मी त्या ओळीपाशी थांबले. लग्न, केस आणि डेंग्यूनंतरचा थकवा, इतकं एकत्र आलं तर झोप उडणं स्वाभाविक आहे. तरीही स्वतःला नीट विचारा: नुसती काळजी आहे, की गेल्या काही आठवड्यांत सतत उदास वाटतंय, कशात मन लागत नाही, जगणं नको वाटतं? २०११ पासून अमेरिकेत फिनास्टेराइडच्या माहितीपत्रकात नैराश्याचा उल्लेख आहे, आणि २०२५ मध्ये युरोपच्या औषध नियामक संस्थेने आत्महत्येचे विचार हा फिनास्टेराइडचा दुष्परिणाम असल्याचं निश्चित केलं. हे सगळ्यांना होत नाही, पण ज्याला होतं त्याच्यासाठी केस ही फार क्षुल्लक बाब आहे. असं काही जाणवलं तर गोळी त्याच दिवशी थांबवा, घरच्यांपैकी कुणाला तरी सांगा आणि डॉक्टरांकडे जा. टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या सेवेचा १४४१६ हा सरकारी क्रमांक दिवसरात्र चालू असतो, मराठीत बोलता येतं. लैंगिक तक्रारींबद्दल आकडे असे आहेत: पहिल्या वर्षाच्या चाचण्यांत औषध घेणाऱ्यांपैकी ३.८ टक्के आणि औषध नसलेली तशीच दिसणारी गोळी घेणाऱ्यांपैकी २.१ टक्के पुरुषांनी अशी तक्रार केली. बहुतेकांची गोळी थांबवल्यावर गेली. थांबवूनही राहिल्याच्या नोंदी आहेत आणि त्या खऱ्या माणसांच्या आहेत. तुम्हाला साडेतीन वर्षांत काही झालं नाही हे चांगलं लक्षण आहे.

समजा वसंत संपला, गळती थांबली आणि तरीही टाळू विरळच राहिली. तेव्हा माझी पहिली पसंती बदलापेक्षा भर घालण्याला असेल. फिनास्टेराइड आहे तसं ठेवून जोडीला मिनॉक्सिडिल. ते मूळचं रक्तदाबाचं औषध. अमेरिकेत १९७९ मध्ये गोळी म्हणून आलं, रुग्णांच्या अंगावर केस वाढताना दिसले आणि १९८८ मध्ये ते डोक्याला लावायचं द्रावण म्हणून मंजूर झालं. त्याची वाट वेगळी आहे, डीएचटीशी आणि वीर्याशी त्याचा संबंध नाही. पण पहिल्या दोन ते आठ आठवड्यांत त्याने गळती तात्पुरती वाढते, म्हणून लग्नाच्या आधी तेही नको. कमी मात्रेतली मिनॉक्सिडिलची गोळी आजकाल बरेच डॉक्टर देतात. पायांवर सूज, धडधड, चेहऱ्यावर लव असे तिचे परिणाम असू शकतात, त्यामुळे रक्तदाब आणि हृदय बघूनच. डुटास्टेराइडचा विचार त्याच्याही पुढे, घरातलं मूल हवं-नको ठरून झाल्यावर.

फेब्रुवारीपर्यंत कुठल्याही गोळीने फोटोत दिसेल असा फरक पडणार नाही, हे मान्य करून टाका. चांगल्या सलूनमध्ये जाऊन बाजूचे केस बारीक आणि वरचे त्याहून थोडेच मोठे ठेवून घ्या, विरळपणा त्यात सगळ्यात कमी दिसतो. लांब केस टाळूवर आडवे घातले की तो उलट उठून दिसतो. समारंभापुरती केसांच्या रंगाची फायबर पावडर वापरायलाही हरकत नाही.

मुलीकडच्यांना, म्हणजे सगळ्या वऱ्हाडाला सांगायची काहीच गरज नाही. तिला मात्र सांगा, आणि लग्नाआधी सांगा. तुमचे केस कमी होतायत हे तिने पहिल्याच भेटीत पाहिलेलं आहे. तिला ठाऊक नाही ते इतकंच की तुम्ही रोज एक गोळी घेता, तिचे तुकडे तिने हाताळायचे नाहीत आणि मूल हवं असेल तेव्हा त्या गोळीचा विचार दोघांनी मिळून करायचा आहे. या तिन्ही गोष्टी तिच्या शरीराशी निगडित आहेत, म्हणून त्या जाणून घेण्याचा तिचा हक्क आहे. फोनवर नको, भेटून, बाहेर कुठे चहाला गेलात की सांगा. ती काही विचारेल त्यातलं तुम्हाला येत नसेल तर दोघं मिळून डॉक्टरांकडे जा. अशी जोडपी येतात आणि आम्हाला बरंच वाटतं.

या आठवड्यात एवढं करा. आज सकाळच्या उजेडात, कोरड्या केसांचे, समोरून, दोन्ही बाजूंनी आणि टाळूचा असे फोटो काढा. दर महिन्याला त्याच खिडकीपाशी, त्याच वेळी तसेच काढत जा, रोज आरशात बघू नका. डेंग्यूचं डिस्चार्ज कार्ड, साडेतीन वर्षांपूर्वीची चिठ्ठी आणि सध्याची स्ट्रिप घेऊन त्वचारोगतज्ज्ञांची वेळ घ्या. फिनास्टेराइड आणि डुटास्टेराइड दोन्ही डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच द्यायची औषधं आहेत, मेडिकलवाल्याने नुसतं मागितल्यावर काढून दिली तरी. दोन वर्षं तुम्हाला कुणी तपासलेलं नाही, त्यामुळे ही भेट केस गळत नसते तरी करायचीच होती. जेवणात अंडी, डाळी, उसळी, हिरव्या भाज्या ठेवा, कारण तापाने झीज झालेली असते. फिनास्टेराइड चालू ठेवा, मन ठीक असेल तर. मार्चच्या शेवटी पुन्हा फोटो बघा आणि गळती तेव्हाही तशीच असेल तर मला जरूर लिहा.